प्रहेलिकागोष्ठी आणि अलंकारांचे अध्यापन

दण्डीच्या ‘काव्यादर्शा’तील दुसऱ्या परिच्छेदात रूपकाचे उदाहरण म्हणून जे चित्र आले आहे, तेच चित्र तिसऱ्या परिच्छेदातील प्रहेलिकांच्या प्रकरणात पुन्हा आले आहे. दुसऱ्या परिच्छेदात नायिकेस उद्देशून असे म्हटले आहे की, तिची बोटे ही पालवी, नखांची प्रभा ही फुले, बाहू या वेली आणि ती स्वतः डोळ्यांदेखत वावरणारी वसंतलक्ष्मी. तिसऱ्या परिच्छेदात कोणी एक सांगतो की, या उद्यानात पाच पालवींची एक वेल पाहण्यात आली आणि तिच्या प्रत्येक पालवीवर तांबूस रंगाची मंजरी होती. येथे बाहू, बोटे, नखे यांपैकी एकाचाही उच्चार नाही. ऐकणाऱ्याने तो करावयाचा आहे.

गोष्ट वरवर किरकोळ वाटते. एकाच ग्रंथकाराने आपल्याच ग्रंथात एक कल्पना दोनदा वापरली, एवढाच तिचा अर्थ लावता येईल. परंतु ‘काव्यादर्श’ हा काव्याच्या विद्यार्थ्यांसाठी रचलेला पाठ्यग्रंथ आहे, आणि पाठ्यग्रंथाच्या दृष्टीने पाहिल्यास या पुनरावृत्तीस वेगळेच महत्त्व प्राप्त होते. दोन्ही स्थळी उपमान तेच आणि साधर्म्यही तेच. पहिल्या स्थळी उपमेय कवीने सांगून टाकले आहे, दुसऱ्या स्थळी ते श्रोत्यावर सोपविले आहे. पहिल्या पद्यापुढे शिष्याने ‘हे रूपक’ असे म्हटले, तर त्याला वेल आणि बाहू यांतील साम्य खरोखर दिसले की नाही हे गुरूस कळण्याचा मार्ग नाही. दुसरे पद्य ऐकून जो ‘बाहू’ असे उत्तर देतो त्याला ते साम्य दिसलेच असले पाहिजे. मात्र उत्तर त्याने पूर्वी कोठे ऐकलेले नसावे, ही अट आहेच. प्रहेलिका हा मनोविनोदाचा खेळ होता, हे सर्वमान्य आहे. तो अलंकार शिकण्याचाही खेळ होता, आणि साहित्यशास्त्राने काव्याच्या दृष्टीने तिच्याविरुद्ध दिलेला योग्य निर्णय अध्यापनासही लागू होऊन बसल्यामुळे अलंकारांच्या शिक्षणातील एक पायरी गळून पडली, ही बाब मात्र सहसा बोलली जात नाही.

प्रथम या खेळाची बैठक पाहू जाता तिचे धागे पुष्कळ मागे जातात. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त चौसष्ट कलांची जी यादी आहे तीत प्रहेलिका, प्रतिमाला, दुर्वाचकयोग, काव्यसमस्यापूरण, अक्षरमुष्टिकाकथन ही नावे आढळतात, आणि त्याच यादीत अभिधानकोश, छंदोज्ञान व क्रियाकल्प हीही आहेत. क्रियाकल्प म्हणजे काव्यालंकार, असा खुलासा ‘जयमंगला’ टीकेत केला आहे. प्रतिमाला म्हणजे ज्यास अंत्याक्षरी म्हणून लोक ओळखतात ती, हाही खुलासा त्याच टीकेतला. मराठी मुले जिला भेंड्या म्हणतात ती ही प्रतिमाला. म्हणजे कोश, छंद आणि अलंकार यांचे ज्ञान व शब्दांचे खेळ ही एकाच नागरकाच्या शिक्षणाची अंगे मानली गेली होती. बाणाच्या ‘कादंबरी’त राजा शूद्रक आपला वेळ कसा घालवी याचे वर्णन आहे, त्यात अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद यांच्या जोडीला प्रहेलिका आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त, इ. स. ९०० च्या सुमारास, कवीची दिनचर्या सांगताना भोजनोत्तर काव्यगोष्ठी भरवावी व मधूनमधून प्रश्नोत्तरे उकलावीत असे म्हटले आहे. समस्यापूरणाचा अभ्यासही त्याच वेळी. राजशेखर आपल्या अकालजलद नामक पूर्वजास महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवितो, आणि आपली पत्नी अवन्तिसुंदरी हिची साहित्यशास्त्रीय मते नावानिशी उद्धृत करतो. काव्यशक्ती ही आत्म्याच्या ठायी असते, ती स्त्री-पुरुष हा भेद पाहत नाही, असे त्याचे स्पष्ट मत आहे. पुढे मराठीत या खेळाची जोपासना कोणी केली हे पाहताना हे मत आठवावे लागते.

महाराष्ट्राच्या आणखी जवळचा पुरावा ‘मानसोल्लासा’चा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ च्या आसपास, हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील गीतविषयक भागात जुन्या मराठीतील पदांचे तुकडे आले आहेत म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याच्या शेवटच्या विंशतीत वीस क्रीडा सांगितल्या आहेत. वनक्रीडा, जलक्रीडा, झोपाळ्याचा खेळ, बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग, फासे, कवड्या आणि यांच्याच पंक्तीत प्रहेलिकाक्रीडा. ज्या दरबारात मराठी गाणे ऐकले जात होते तेथे कोडी घालण्याचा खेळ रीतसर क्रीडा म्हणून मान्य होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

दण्डीचा काळ सामान्यतः इ. स. ७०० च्या आसपास धरतात. प्रहेलिकांचे उपयोग त्याने तीन सांगितले आहेत: क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांनी आपसात करावयाची गुप्त भाषा, आणि दुसऱ्यास बुचकळ्यात पाडणे. अध्यापनाचा उल्लेख या तिहींत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु पूर्वाचार्यांच्या आधाराने त्याने जे सोळा प्रकार दिले आहेत ते पाहिले असता त्यांची मांडणी एखाद्या अभ्यासक्रमासारखी भासते. सोळांपैकी बरेचसे प्रकार अलंकाराशी संबंध नसलेले आहेत. समागता या प्रकारात संधीमुळे पद झाकले जाते. वंचिता हिच्यात एका अर्थी रूढ असलेला शब्द भलत्याच अर्थी योजून फसवणूक होते. व्युत्क्रान्तेत पदांची ताटातूट. संख्यातेत अक्षरांची मोजणी. परुषेत केवळ व्याकरणाच्या सूत्राने सिद्ध होणारा, पण कोणीही न वापरणारा शब्द. ही सर्व व्याकरणाची आणि कोशाची परीक्षा होय. शास्त्राचे विद्यार्थी तीत रमले असतील. अलंकाराच्या विद्यार्थ्यास तिचा लाभ थोडा.

खरा लाभ चार-पाच प्रकारांत आहे. गौण, म्हणजे आरोपित अर्थाच्या शब्दांनी जी गुंफली जाते ती समानरूपा. पाच पालवींची वेल हे तिचेच उदाहरण होय. दोहोंस समान असलेल्या धर्मांना स्पर्श करणाऱ्या वाणीने जिच्यात दुसरा अर्थ दडविलेला असतो ती निभृता. आश्रित उघड ठेवून आश्रय झाकला म्हणजे एकच्छन्ना, दोन्ही झाकले म्हणजे उभयच्छन्ना, आणि अनेक लक्षणांची मिसळण म्हणजे संकीर्णा. साधर्म्य, आरोप आणि आधाराधेय संबंध यांवर लाक्षणिक भाषेचा केवढा तरी भाग उभा आहे, आणि तेच या प्रकारांचे आधार आहेत. पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका शिकविल्या होत्या, असेही दण्डी सांगतो. पण दोषांना अंत नाही, म्हणून चांगल्या तेवढ्याच सांगतो, असे म्हणून तो त्या सोडून देतो. खेळाचे नियम मोडणारे कोडे कोणते हे ठरविण्याची गरज त्याच्या पूर्वीच भासली होती, ही यातली लक्षणीय गोष्ट. नियमांवाचून खेळ नाही आणि खेळगड्यांवाचून नियम नाहीत.

आता अलंकारशास्त्रातील परिचित विभागणी या दृष्टीने पाहावी. उपमेची अंगे चार: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि ‘सारखे’, ‘जणू’ यांसारखा वाचक शब्द. चारही उपस्थित असली म्हणजे पूर्णोपमा. एखादे गळाले म्हणजे लुप्तोपमा. रूपकात वाचक शब्द जातो आणि भेद झाकला जातो. मम्मटाने अकराव्या शतकात अतिशयोक्तीचे जे प्रकार सांगितले त्यांतील पहिल्यात उपमान हे उपमेयाला गिळून टाकते. मुख न म्हणता केवळ चंद्र म्हटले जाते. तरी तेथे श्रोता अडत नाही, कारण भोवतालचा संदर्भ त्याला मुखापर्यंत नेऊन पोहोचवितो. संदर्भही काढून घेतला की उरते ती प्रहेलिका. अशा रीतीने पूर्णोपमेपासून प्रहेलिकेपर्यंत एक उतरंड लागते, आणि प्रत्येक पायरीवर कवी काहीतरी हातचे राखतो व श्रोत्याचे काम तेवढ्याने वाढते. व्याख्या पाठ केल्याने ही उतरंड विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. एकच कल्पना घेऊन तिच्यातील एकेक अंग क्रमाने दडवीत गेले म्हणजे ती उभी राहते. दण्डीच्या ग्रंथातील त्या दोन पद्यांत या उतरंडीच्या दोन पायऱ्या शेजारी शेजारी पडलेल्या आहेत.

ही दृष्टी एकट्या भारतीयांची नव्हे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे की, चांगल्या कोड्यांतून चांगली रूपके मिळतात, कारण रूपकाची घडणच कोड्यासारखी असते. त्याचे उदाहरणही मासलेवाईक आहे: एका मनुष्याने दुसऱ्याच्या अंगावर विस्तवाने कांसे चिकटविलेले कोणी पाहिले. उत्तर तुंबडी. ॲरिस्टॉटल पुढे सांगतो की, त्या क्रियेस स्वतःचे नाव नव्हते. परंतु चिकटविणे आणि तुंबडी लावणे या दोहोंत ‘लावणे’ समान असल्यामुळे एकीचे नाव दुसरीस देता आले. भाषेत जेथे शब्द नाही तेथे रूपक शब्द पुरविते, हा विचार त्यात सामावला आहे. मराठीने याच वस्तूस भोपळ्याचे नाव दिले. कांसे किंवा काच आली तरी तुंबडी ती तुंबडीच राहिली. घड्याळाचा काटा, बाटलीचा गळा, डोंगराची सोंड, नारळाची शेंडी ही सर्व एके काळची कोडीच होत. त्यांची उत्तरे सर्वांना ठाऊक झाल्यामुळे ती कोशात जाऊन बसली.

मग साहित्यशास्त्राने प्रहेलिकेचा त्याग का केला? भामहाने रामशर्म्याच्या प्रहेलिकेचा उल्लेख केला आहे आणि लागलीच असा टोला दिला आहे की, अशी काव्येही शास्त्राप्रमाणे टीकेच्या आधारेच समजावयाची असतील तर तो बुद्धिमंतांचा उत्सव होईल, मंदबुद्धीचे बिचारे मात्र मेले. दण्डी आणि भामह यांत आधी कोण, हा जुना वाद येथे उकरण्याचे कारण नाही. रुद्रटाने नवव्या शतकात प्रहेलिकेस मात्राच्युतकादिकांच्या सोबत ‘केवळ क्रीडेच्या उपयोगाची’ अशी मुद्रा मारली. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त निकाल दिला की, प्रहेलिका ही रसाच्या आड येते, म्हणून ती अलंकार नव्हे, ते केवळ उक्तीचे वैचित्र्य. काव्यविचार म्हणून हा निर्णय बिनतोड आहे. उत्तर शोधण्यात गुंतलेले चित्त रसास्वाद घेऊ शकत नाही, आणि उत्तर सापडल्यावर त्या पद्याकडे पुन्हा वळण्याचे कारण उरत नाही. चांगल्या रूपकाचे तसे नसते. ते समजल्यानंतरच त्याचा आस्वाद सुरू होतो. परंतु जे काव्यात अडथळा ठरते ते अभ्यासातही अडथळाच ठरेल असे नाही. तालमीतील मुद्गल कोणी मिरवणुकीत घेऊन जात नाही, म्हणून तालमीतूनही ते बाहेर टाकावेत असा निष्कर्ष कोणी काढीत नाही.

विश्वनाथाच्या निर्णयापेक्षाही अधिक परिणाम झाला तो ग्रंथरचनेच्या एका सोयीचा. जयदेवाच्या ‘चंद्रालोका’त एकाच अनुष्टुभाच्या अर्ध्यात अलंकाराचे लक्षण आणि उरलेल्या अर्ध्यात उदाहरण देण्याची युक्ती साधलेली आहे. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षिताने त्यावर ‘कुवलयानंद’ उभारला, आणि पाठशाळांतून अलंकाराचा पहिला ग्रंथ म्हणून तो घरोघर पोहोचला. मुखोद्गत करण्यास याहून सोयीचा साचा नाही. या साच्यात प्रश्नास जागा नाही, एवढीच त्याची उणीव. लक्षण आणि उदाहरण एका श्वासात हाती पडत असल्यामुळे त्या दोहोंमधील अंतर शिष्यास कधी चालावेच लागत नाही.

‘काव्यादर्शा’चे दुसऱ्या एका देशातील भाग्य या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेराव्या शतकात त्याचे तिबेटी भाषांतर झाले आणि तिबेटी विद्यापरंपरेत तो काव्यशिक्षणाचा मुख्य ग्रंथ बनला. तेथे दण्डीच्या एकेका लक्षणास अनुसरून स्वतःचे उदाहरण रचावयाचे, असा परिपाठ पडला, आणि अशा उदाहरणांचे स्वतंत्र ग्रंथ तेथील पंडितांनी लिहिले. ग्रंथ तोच; एकीकडे लक्षण पाठ म्हणून दाखविणे म्हणजे विद्या, दुसरीकडे लक्षणाबरहुकूम काही करून दाखविणे म्हणजे विद्या.

मराठीपुरते पाहिल्यास या प्रश्नाचा आरंभ ‘दृष्टान्तपाठा’पासून करणे उचित ठरेल. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ११४ दृष्टान्त असून प्रत्येकाची अंगे तीन: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. पहिली दोन श्रीचक्रधरांची. तिसरे, म्हणजे दृष्टान्ताचा कोणता भाग सिद्धान्ताच्या कोणत्या भागाशी जुळतो याचे विवरण, केशोबासांचे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची कथा गुरूंनी सांगावयाची आणि सोंड, कान, पाय यांच्या जागी सिद्धान्तातील काय ठेवावयाचे हे शिष्याने जुळवून दाखवावयाचे. येथे विनोदाचा लवलेश नाही, स्पर्धा नाही. तरी उपमान एकाचे आणि उपमेयाशी त्याचा सांधा जोडण्याचे काम दुसऱ्याचे, ही विभागणी प्रहेलिकागोष्ठीचीच आहे. मराठी गद्याच्या पहिल्याच पिढीत हे घडले. पुढे एकनाथांच्या भारुडांतून रूपकाने लोकरंजनाचे रूप घेतले. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचण्यापर्यंत शब्दक्रीडा नेली. पण भारुडात कोडे आणि उकल दोन्ही गाणाऱ्याकडेच राहतात, आणि वर्णक्रीडा ही अलंकाराची नव्हे, उच्चाराची कसरत होय.

खेळ जिवंत राहिला तो अन्यत्र. उखाणा, हुमाण, कोडे, कूट हे सगळे शब्द मराठीत या एका वस्तूभोवती जमलेले आहेत. हुमाण कोकणीतही नांदत आहे. उखाणा या शब्दाचा संबंध संस्कृत ‘उपाख्यान’, प्राकृत ‘उवक्खाण’ यांच्याशी लावला जातो. हा खेळ जात्याशी, माजघरात, श्रावणातल्या मंगळागौरीच्या जागरणात आणि मुलांच्या घोळक्यात चालला. ज्या स्त्रियांना पाठशाळेचे दार बंद होते त्यांच्याच मुखी तो टिकला, आणि त्यासाठी त्यांना उपमेय-उपमान या संज्ञांची गरज पडली नाही.

या लौकिक कोड्यांची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. बत्तीस चिऱ्यांच्या कोटात फिरणाऱ्या नागिणीचे कोडे सर्वपरिचित आहे. उत्तर दात आणि जीभ. दण्डीच्या परिभाषेत येथे आश्रय व आश्रित दोन्ही झाकलेले असून शब्द आरोपित अर्थाचे आहेत, म्हणजे उभयच्छन्ना आणि समानरूपा यांचा संकर झाला आहे. तथापि कोड्याची किल्ली ‘बत्तीस’ या शब्दात आहे. कोटाला बत्तीसच चिरे असण्याचे काही कारण नाही. हा आकडा उपमानाचा नव्हे, तो दडविलेल्या उपमेयाकडून निसटून आलेला आहे. हिरव्या दांड्याच्या तांबड्या पालखीत दाटीवाटीने बसलेल्या असंख्य बायका म्हणजे मिरची. तेथे पालखीत इतक्या बायका मावत नाहीत, हीच खूण. बारा जेवणारे आणि तिघे वाढपी म्हणजे घड्याळ. पंगतीत वाढपी फिरतात आणि जेवणारे बसून राहतात, इथपर्यंत साम्य ठाकठीक, पण नेमके बारा आणि नेमके तीन हे घड्याळाचे. (सेकंदाचा काटा नसलेल्या घड्याळावर हे कोडे बसत नाही, त्याचे वय ठरविण्यास एवढा पुरावा बस्स आहे.) दण्डीच्या वेलीलाही पालव्या पाचच आहेत. उपमानात न बसणारा एखादा तपशील मुद्दाम उघडा ठेवावयाचा आणि त्याच्या आधाराने श्रोत्याने पलीकडे जावयाचे, हा या रचनेचा गाभा होय.

नारळावरील प्रसिद्ध संस्कृत प्रहेलिकेत हीच युक्ती उलट बाजूने योजलेली आहे. झाडाच्या शेंड्यावरील वस्ती, तीन डोळे, सालीचे वस्त्र आणि पोटातील पाणी हे धर्म एकामागून एक सांगावयाचे. आणि त्या त्या धर्मामुळे जो पक्षिराज, जो शंकर, जो योगी, जो घट वा मेघ मनात उभा राहतो, त्यास लगेच नाकारावयाचे. प्रत्येक नकाराबरोबर श्रोता एक साधर्म्य पाहतो आणि एक भेदही पाहतो. साधर्म्य कोठवर खरे आहे आणि कोठे संपते, हे शिकविणारा याहून नेमका पाठ अलंकाराच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात क्वचितच सापडेल. अमेरिकन लोकविद्याभ्यासक जॉर्जेस आणि डंडीज यांनी १९६३ साली कोड्यांची रचनात्मक व्याख्या करताना विरोध असलेली आणि विरोध नसलेली असे जे दोन वर्ग पाडले, त्यांतील पहिल्याचा हा उत्तम नमुना ठरतो. १९६५ साली दुर्गाबाई भागवत यांनी भारतीय जीवनातील कोड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९७५ साली लुडविक स्टर्नबाख यांनी संस्कृत प्रहेलिकांना साहित्येतिहासातील विसरलेले प्रकरण म्हटले. दोहोंचा रोख लोकजीवन आणि साहित्य यांकडे आहे; वर्गाकडे नाही, आणि तशी अपेक्षाही त्यांच्याकडून करता येत नाही.

वर्गाची कथा थोडक्यात अशी. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी पाठशाळा सुरू झाली तेव्हा तेथील शास्त्रांत अलंकारास स्थान होते; अर्थात ते संस्कृत ग्रंथांच्या द्वारे. मराठी शाळांसाठी परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ प्रसिद्ध केले आणि जुन्या कवितेचे वेचे अभ्यासाचा विषय झाले. छापील वेचा, त्याखाली कठीण शब्दांचे अर्थ आणि पुढे परीक्षा, या मार्गाने कविता शाळेत आली. तिच्या मागोमाग अलंकार आला तो ‘चंद्रालोका’च्याच साच्यात: लक्षण, उदाहरण आणि परीक्षेत ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न. हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी सोडविला आहे. त्यात उपमेय दिलेले, उपमान दिलेले, पुष्कळदा वाचक शब्दही दिलेला. विद्यार्थ्याने द्यावयाचे ते फक्त नाव. ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसला की उपमा, अशा खुणा मुले आपापसांत वाटून घेतात आणि त्या बहुधा बरोबरही ठरतात. ओळीचा अर्थ मुळीच न समजता अलंकार अचूक ओळखता यावा, ही या पद्धतीची निष्पत्ती होय. त्याच मुलाने त्याच संध्याकाळी आजीने घातलेले कोडे सोडविले तर तो जे करतो ते अलंकाराचे आकलन असते. पण त्यास गुण नाहीत आणि नावही नाही.

येथे प्रहेलिकेची बाजू अधिक ताणणे उचित होणार नाही. कोड्याचे उत्तर एक असते. काव्यातील रूपकाचे तसे नाही. जो केवळ कोडी सोडविण्यात तरबेज झाला तो कवितेतही एकच उत्तर शोधू लागण्याचा संभव आहे. शिवाय गोष्ठीत चुरस असते आणि चुरशीत मंद गतीच्या मुलाची भामहाने म्हटल्याप्रमाणे गत होते. परंतु चुकीच्या उत्तराची जी चिकित्सा गोष्ठीत होते ती वर्गातही होऊ शकते. बत्तीस चिऱ्यांच्या कोडयास एखाद्याने ‘विहीर आणि पाणसाप’ असे उत्तर दिले, तर ते का बसत नाही हे इतरांनी सांगावयाचे: चिरे बसले, फिरणे बसले, बत्तीस बसले नाही, शिवाय पाणसाप हा मुळात सापच, तेव्हा नागीण म्हणण्यात आरोप तो काय झाला? एवढे बोलणे झाले म्हणजे साधारण धर्म, आरोप आणि उपमेय या तिन्ही संज्ञांचा अर्थ त्या वर्गात चर्चिला गेलेला असतो. संज्ञा मागाहून सांगितल्या तरी चालतात. दण्डीच्या ग्रंथातही वेलीचे पद्य ऐकणाऱ्याने बाहू शोधून काढल्यावरच समानरूपेचे लक्षण त्याला उमगते.

उखाण्याचे मात्र पुढे निराळेच झाले. लग्नकार्यात व सणासमारंभात पतीचे किंवा पत्नीचे नाव घेताना म्हणावयाची यमकबद्ध जोडओळ, हाच त्या शब्दाचा आज शहरांतून मुख्य अर्थ आहे. नाव उघड उच्चारावयाचे नाही म्हणून ते आडवळणाने गुंफावयाचे, या प्रथेत दडविण्याचा अंश होता. आता नाव शेवटी येणार हे सर्वांना ठाऊक असते आणि जमलेली मंडळी केवळ यमकाची वाट पाहतात. कोडी छापली गेली ती मुलांच्या मासिकांतून व लहान पुस्तकांतून. पुस्तकात उत्तरे शेवटच्या पानावर असतात, आणि मूल आधी तेच पान उघडते. मासिकांनी त्यावर तोड काढली होती ती उत्तर पुढील अंकात देण्याची. मधल्या महिन्यात ते कोडे घरात, गल्लीत आणि शाळेच्या वाटेवर चारचौघांना घातले जाई.